खोळंबा झाला की साक्ष कशी द्यावी : नवख्यांसाठी

रविवारची सकाळ, साडेआठची वेळ. नऊची उपासना, आणि त्या दिवशी शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जिना उतरत होतो, तर पहिल्या मजल्यावरच्या मावशी दाराबाहेर उभ्या. हातात कचऱ्याची रिकामी बादली. घंटागाडी आली म्हणून खाली गेल्या आणि मागे वाऱ्यानं दार आपटलं. लॅचचं कुलूप. किल्ली आत, मोबाइल आत, आणि गॅसवर दूध.

"भाऊ, आता काय करू हो?"

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते "नेमकं आजच!" खोटं कशाला सांगू.

शेजारच्यांची बेल वाजवली. त्यांच्या आणि मावशींच्या गॅलरीमध्ये कमरेएवढी भिंत आहे, ती ओलांडली. गॅलरीचं दार नशिबानं उघडं होतं (नशिबानं म्हणायची सवय काही जात नाही). आत दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅसचा वास सुटला होता. विजेच्या बटणाला हात न लावता आधी शेगडीचा कॉक बंद केला, मग रेग्युलेटर, मग खिडक्या उघडल्या आणि दार आतून काढलं. शर्टावर भिंतीचा काळा पट्टा घेऊन चर्चमध्ये पोचलो तेव्हा सव्वानऊ होऊन गेले होते. पाठ दुसऱ्या कुणीतरी वाचून टाकला होता.

संध्याकाळी मावशी वाटीत शिरा घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "माझ्यामुळे तुमची पूजा बुडली ना आज?"

तीन वर्षं एकाच जिन्यानं चढत-उतरत होतो. आमच्या घरात रविवारी काय चालतं हे त्यांनी त्याआधी कधी विचारलं नव्हतं.

हे लिहितोय ते नुकतेच विश्वासात आलेल्यांसाठी. जन्मापासून चर्चमध्ये आहेत पण बाहेरच्या माणसाशी प्रभूबद्दल एक वाक्य बोलताना ज्यांची जीभ अडखळते, त्यांच्यासाठीही. अशांची संख्या आमच्या मंडळीत भरपूर आहे आणि बरीच वर्षं मीही त्यांतच होतो. साक्ष, म्हणजे येशूबद्दलचा आपला अनुभव दुसऱ्याला सांगणं, म्हटलं की लोकांना माइक, स्टेज आणि पत्रकांचा गठ्ठा आठवतो. माझा अनुभव वेगळा आहे. ठरवून केलेल्या कार्यक्रमांपेक्षा ठरलेलं फिसकटलं तेव्हा जास्त बोलणं झालं. त्यात मी काय चुकलो आणि काय जमलं, त्यावरून या पायऱ्या मांडल्या आहेत.

पहिली पायरी : हा खोळंबा आहे की नुसती गर्दी, ते बघा

आमच्या नाशिकच्या द्वारका चौकात अर्धा तास अडकलात म्हणजे देवानंच तुम्हाला अडकवलं असा अर्थ लगेच काढू नका. द्वारकेला रोजच अडकतात. 2027 च्या कुंभमेळ्यासाठी शहरात कामं निघालेली आहेत, तेव्हा रस्ता खोदलेला दिसला की त्यात ईश्वरी संकेत शोधत बसलात तर वेड लागेल.

माझी कसोटी साधी आहे. या अडचणीत समोर माणूस आहे का? माणूस असेल तर थांबून विचार करा. नसेल तर हॉर्न न वाजवता गाडी बंद करून बसा, तेवढीही साक्ष पुष्कळ झाली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कुणाच्या वडिलांना झटका आला, कुणाची नोकरी गेली, निफाडकडच्या कुणा नातेवाइकाची द्राक्षबाग गारपिटीत गेली, तर "देवानं मला संधी दिली" हे वाक्य त्यांच्यासमोर चुकूनही उच्चारू नका. तुमच्या बोलण्याची सोय व्हावी म्हणून देव कुणाची बाग झोडपत नाही. संधी म्हणायचीच असेल तर ती त्या माणसाजवळ जाऊन उभं राहण्याची आहे, एवढंच मला म्हणायचंय.

दुसरी पायरी : दिवसात थोडी ढिलाई ठेवा

मिनिटाला मिनिट चिकटवून बांधलेल्या दिवसात कुणासाठी थांबता येत नाही. सातपूरला पहिल्या पाळीला जायचंय आणि तुम्ही पंच करायच्या अगदी दोन मिनिटं आधी गेटवर पोचता, तर वाटेत कुणी पडलेलं दिसलं तरी तुम्ही वळून बघणार नाही. वाईट आहात म्हणून नाही, उशीर झालाय म्हणून. मी घरातून पंधरा मिनिटं आधी निघतो. सकाळी चप्पल घालताना एका ओळीची प्रार्थना करतो: "प्रभू, आज मध्येच जो येईल तो मला दिसू दे."

पिशवीत पाण्याची बाटली, पेन, मोबाइलचा चार्जर. नवा करार असू द्या, पण पिशवीतच. हातात धरून हिंडू नका.

तिसरी पायरी : थांबा, पण जो वाट बघतोय त्याला कळवा

थांबणं कसं असतं हे शिकायला मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडा. एकविसाव्या वचनापासून शेवटपर्यंत, आठवडाभर रोज वाचा.

याईर हा सभास्थानाचा अधिकारी. त्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकलेली. येशू त्याच्या घरी निघालाय. अँब्युलन्समध्ये बसल्यासारखी घाई. आणि वाटेत बारा वर्षं रक्तस्रावानं आजारी असलेली एक बाई गर्दीत मागून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावते. सगळा पैसा वैद्यांकडे घालवून बसलेली, दुखणं उलट वाढलेलं. ती बरी झाली, काम झालं, पुढं जायला काय हरकत होती? पण येशू तिथंच थांबतो आणि विचारतो, मला कुणी हात लावला? शिष्य वैतागतात. एवढ्या रेटारेटीत असा काय प्रश्न! तरी तो थांबून राहतो, ती कापत कापत पुढं येते आणि सगळं खरं सांगते. बारा वर्षांचं "सगळं" सांगायला किती वेळ लागला असेल, हा विचार मी दर वेळी वाचताना करतो.

मात्र मी हा अध्याय आता याईराच्या बाजूनंही वाचतो. तो तिथंच उभा आहे. त्याचा जीव खालीवर होतोय, आणि तेवढ्यात निरोप येतो की मुलगी गेली. येशू त्याला धीर देतो आणि त्याच्या घरीही जातोच. एकीसाठी थांबला म्हणून दुसऱ्याला दिलेला शब्द त्यानं सोडला नाही.

नवख्यांचं इथं चुकतं. रस्त्यात कुणाला मदत केली, छान वाटलं, आणि घरी बायको डॉक्टरच्या अपॉइंटमेंटसाठी तयार होऊन तासभर बसलेली. तुमचा एक याईर कुठंतरी ताटकळत उभा असतो. त्याला फोन करा. "वाटेत एकाला मदत लागलीये, वीस मिनिटं उशीर होईल." त्या रविवारी मी पाळकसाहेबांना साधा फोन केला नाही, त्यामुळे पाठाच्या वेळी व्यासपीठावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. ती चूक माझीच.

चौथी पायरी : हातातलं काम आधी

आता माझ्या सगळ्यात मोठ्या चुकीबद्दल.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. शहरातल्या एका दवाखान्यात मेव्हण्याला ॲडमिट केलं होतं. रात्री अकराला वॉर्डबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी एक माणूस येऊन बसला. बहुतेक सिन्नरकडचा असावा, बोलण्यावरून वाटलं. आईला आयसीयूत ठेवलेलं. मी नव्या उत्साहात होतो, पिशवीत पत्रकं होती. पाच मिनिटंही झाली नसतील, मी एक पत्रक त्याच्या हातात ठेवलं आणि अनंतकाळच्या जीवनाबद्दल सुरू झालो. त्यानं शांतपणे ऐकलं. मग पत्रकाची घडी घातली, माझ्या मांडीवर परत ठेवली आणि म्हणाला, "दादा, मला औषधाच्या दुकानाचा रस्ता विचारायचा होता. ते चिठ्ठीवरचं इंजेक्शन खालच्या दुकानात नाहीये."

तो उठून गेला. मीही त्याच्याबरोबर जाऊ शकलो असतो. रात्री उघडं असणारं दुकान मला माहीत होतं, स्कूटर खाली उभी होती. मी बाकावर बसून राहिलो, मांडीवर पत्रक घेऊन.

तेव्हापासून माझा नियम: समोरच्याला या क्षणी काय हवंय ते विचारायचं, आणि ते होईपर्यंत धर्माचा विषय काढायचा नाही. इंजेक्शन हवं असेल तर इंजेक्शन. नाशिकरोड स्टेशनवर कुणाला डबा सापडत नसेल तर डबा. घाटात पावसानं गाडी थांबली असेल, कसारा मागे पडलंय आणि इगतपुरी येत नाहीये, आणि शेजारच्या पोराचा मोबाइल बंद पडलाय, तर त्याला तुमचा फोन द्या. घरी बोलू द्या त्याला. तो बोलत असताना खिडकीबाहेर बघा.

ऐकणं हेही कामच आहे. मधेच "आमच्याकडेही असंच झालं होतं" म्हणून स्वतःची गोष्ट घुसवू नका. सल्ला मागितला नसेल तर देऊ नका. मराठी माणसाला सल्ला न देता गप्प बसायला लावणं म्हणजे उपवासापेक्षा कठीण, पण जमतं.

उलट प्रसंगही येतो. अडचण तुमची आणि मदत करणारा दुसरा. पाथर्डी फाट्याला गाडी पंक्चर झाली, पंक्चरवाल्यानं दुकान बंद करता करता परत उघडलं. अशा वेळी मोठेपणा सोडा आणि घ्या मदत. योहानाच्या चौथ्या अध्यायात भर दुपारी विहिरीजवळ थकून बसलेला येशू शोमरोनी बाईकडे आधी पाणी मागतो. बोलणं सुरू झालं ते त्याच्या तहानेपासून. त्या पंक्चरवाल्याशी माझी आता चांगली ओळख आहे. सहा महिने आम्ही फक्त ट्यूब आणि टायरवर बोललो. मग एकदा त्यानंच गाडीच्या डिक्कीतलं पुस्तक बघून विचारलं.

पाचवी पायरी : विचारलं की बोला, आणि थोडक्यात बोला

पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात सांगितलंय की तुमच्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या. लोक "तयार असा" पाठ करतात आणि "विचारेल त्याला" विसरतात. प्रश्न यायला हवा. पण प्रश्न दर वेळी प्रश्नाच्या रूपात येत नाही. "तुम्हाला कसं काय टेन्शन येत नाही हो?", "तुम्ही रविवारी कुठं जाता?", "तुमच्यात मेल्यावर काय मानतात?" हे सगळे प्रश्नच.

उत्तराची तयारी मात्र आधी घरी करा. वहीत तुमची स्वतःची गोष्ट लिहा, एका पानात. आधी काय चाललं होतं, येशू कसा भेटला, आता काय बदललंय आणि काय अजून बदललेलं नाही. हा शेवटचा भाग गाळू नका, त्याच्यामुळे समोरचा विश्वास ठेवतो. मग ते पान मोठ्यानं वाचा आणि घड्याळ लावा. दोन मिनिटांपेक्षा जास्त होत असेल तर कापा.

कापताना चर्चमधली भाषा आधी काढा. "तारण झालं", "वचन मिळालं", "ओझं आलं", "रक्तानं धुतलं" हे आपल्याला कळतं. इंदिरानगरच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही, आणि शेवटचं ऐकून तर तो दचकेल. "ओझं आलं" म्हणजे त्याला वाटेल पाठ दुखतेय. साधं बोला: "मला माफी मिळाली." "मी एकटा नाही हे कळलं."

मावशींना मी काय म्हटलं? "पूजा" हा शब्द मी दुरुस्त केला नाही. बायको आतून खुणावत होती की उपासना म्हणा, उपासना. मी म्हटलं, "बुडली नाही मावशी, थोडी इथंच झाली." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "पण तुम्ही चिडला नाहीत." मी खरं सांगितलं की मनात चिडलो होतो, आणि चिडायची माझी जुनी खोड कशी होती, घरात ताटं कशी आपटायचो, आणि येशूच्या मागं चालायला लागल्यापासून ती हळूहळू कशी कमी होतेय. बायकोनं आतून "हळूहळू" असं मोठ्यानं म्हटलं. दीड मिनिट झालं असेल. शिरा गार होत होता म्हणून विषय तिथंच सोडला.

सहावी पायरी : प्रार्थना करू का, हे विचारा

"तुमच्यासाठी आत्ता प्रार्थना केली तर चालेल का? मी येशूच्या नावानं करतो." एवढं सांगून गप्प बसा. "नको" आलं तर "बरं" म्हणा आणि तोंड वाकडं करू नका. "हो" आलं तर तिथंच, डोळे मिटून किंवा उघडे ठेवून, अर्ध्या मिनिटात, नेहमीच्या आवाजात. डोक्यावर हात ठेवू नका, विशेषतः बायकांच्या. आवाज चढवू नका. आजार बरा होईलच असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. आणि औषध बंद करा, डॉक्टर बदला असं तर कधीच म्हणू नका. असं सांगणारा कुणी तुमच्या मंडळीत असेल तर पाळकांच्या कानावर घाला.

सातवी पायरी : कुंपण ओळखा

संविधानाच्या अनुच्छेद 25 नं प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. 1977 साली सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. माणसानं आपल्या मनानं काय मानायचं ते त्याचं. मला विचाराल तर हे कायद्यानं सांगितलं नसतं तरी सुवार्तेत आहेच. धाक दाखवून किंवा पैसे देऊन आणलेला विश्वास कुणाच्या कामाचा?

म्हणून मदत आणि साक्ष यांची गाठ बांधू नका. किराणा भरून दिलात तर त्यानंतर प्रार्थनासभेचं आमंत्रण देऊ नका, निदान तेव्हा तरी. लहान मुलांशी आई-वडिलांच्या माघारी हा विषय काढू नका. कुणाच्या देवाबद्दल वाईट शब्द नको. रामकुंडावर माणसं आईबापाच्या अस्थी घेऊन येतात, त्र्यंबकेश्वरला नवस फेडायला येतात, कुंभात तर देशभरातून येतील. तिथं पत्रकं वाटायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर ती तिथंच सोडा. गर्दीत कुणी चुकलं, कुणाला चक्कर आली, तर पाणी द्या आणि मदत केंद्रापर्यंत पोचवा. दुसऱ्याच्या दुःखाच्या किंवा भक्तीच्या वेळी आपलं दुकान मांडायचं नाही.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला सगळ्या धर्मांचे लोक येतात, मेणबत्ती लावतात, परत आपापल्या घरी जातात. त्यांना कुणी अडवून जाब विचारत नाही. तशीच वागणूक आपण द्यावी.

आठवी पायरी : नाव लिहून ठेवा आणि परत जा

घरी आलात की वहीत तीन गोष्टी: माणसाचं नाव, त्याची अडचण, पुढं काय झालं हे विचारायची तारीख. "आईचं ऑपरेशन मंगळवारी" असं लिहिलं असेल तर बुधवारी फोन करा. ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण इथंच गळतात. पहिल्या दिवशी थांबणं सोपं असतं, त्यात थोडा रोमांच असतो. बुधवारच्या फोनमध्ये काही नसतं.

आणि कधी कधी परत भेटच होत नाही. कवी नारायण वामन टिळक 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात एक परदेशी गृहस्थ भेटला, गप्पा झाल्या, कवितेवर आणि धर्मावर. उतरताना त्यानं टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांचा बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत. पुढं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्याही विश्वासात आल्या. टिळकांची भजनं आपण आज गातो. आणि त्या गृहस्थाचं नाव आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. आपल्या हातून काय झालं हे त्या दिवशी त्याला कळलंही नसेल.

नाशिकच्या शरणपूरचीही तीच तऱ्हा. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना गेल्याच्या मागच्या शतकात इथं मिशननं आसरा दिला, शिकवलं. त्यातला जेकब वेनराइट हा मुलगा पुढं आफ्रिकेत शोधप्रवासी आणि मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मोहिमेत गेला, 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत होता, आणि 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या अंत्यविधीलाही. शरणपूरला त्याला बाराखडी शिकवणाऱ्याला याची काय कल्पना असणार? शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांतल्या कितींना ठाऊक आहे हे, विचारून बघा एकदा.

तेव्हा वहीतल्या नावांपुढं "झालं", "नाही झालं" अशा खुणा करू नका. तो हिशेब आपला नाही.

मावशी अजून त्यांच्या देवाला रोज फुलं वाहतात. मात्र त्यांच्या घराची दुसरी किल्ली आता आमच्या दारामागच्या खिळ्याला असते. मागच्या पावसाळ्यात एकदा रात्री साडेअकराला बेल वाजली, मी चष्मा शोधत दार उघडलं. मावशी भिजलेल्या, छत्री उलटी झालेली. "भाऊ, किल्ली द्या," म्हणाल्या, आणि मग दारातच थांबून, "भावाला ॲडमिट केलंय. तुम्ही ते करता ना, ते जरा कराल का?"

बायकोनं टॉवेल आणला. मी खुर्ची पुढं सरकवली.